मुलुंडच्या मामांचा विश्वास निर्देशांक

देशाला उद्याची किती खात्री वाटते हे जन्मभर मोजणारा आणि स्वतःला आज संध्याकाळचीही खात्री नसणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे मुलुंडचे मामा. ‘ग्राहकांचा विश्वास’ हा त्यांच्या नोकरीचा विषय. पाहणी करणाऱ्या एका संस्थेतर्फे ते घरोघर विचारत फिरत, की वर्षभरात कमाई वाढेल का, नोकरी टिकेल का, टीव्ही-फ्रीज घ्यायला ही वेळ बरी वाटते का. माणसं निर्धास्त असली की मोठी खरेदी करतात, धास्तावली की पुढं ढकलतात, आणि बाजाराचा हा कल दुकानाच्या गल्ल्याआधी या उत्तरांत दिसतो, एवढं साधं ते शास्त्र. निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाला गाठून विचारलं, "वर्षभरात परिस्थिती सुधारेल, की बिघडेल?" मुलगा चाचरला. मामा मुलीच्या बापाला म्हणाले, "विश्वास डळमळीत आहे. हॉल लहान घ्या."

स्वतः मामा काहीच घेत नसत. लोक उत्साहात असले की, "सगळे घेतायत, म्हणजे भाव चढलेत. थांबू." लोक घाबरले की, "सगळे थांबलेत, म्हणजे काहीतरी असणार." या दोन वाक्यांच्या मधे घरातला सोफा सुतळीवर आला. मामी मूळच्या मालवणच्या; त्या पाहुण्यांना जपून बसवत आणि म्हणत, "ह्यांका देशाचा कळता, घरचा कळणा नाय."

गेल्या वर्षी मामींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. धोका टळला का, यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "बघू." त्याच संध्याकाळी मला मामांचा फोन. "जावई, स्टेशनजवळच्या दुकानात जरा येता का?" जाऊन बघतो तर मामा वॉशिंग मशीनसमोर उभे. मामींनी आजवर सगळं धुणं हातानं केलेलं. विक्रेता सांगत होता, "अंकल, वॉरंटी दोन वर्षं. थोडे जास्त भरले तर पाच."

"पाच," मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "मामा, डॉक्टर तर अजून..."

"यापुढे तिनं बादली उचलायची नाही, असं डॉक्टरच म्हणालेत," मामा म्हणाले. "म्हणजे घरी येणारच ना?"

मामी आल्या, पार वाळून. आता मशीन लावलं की दोघं समोर खुर्च्या टाकून बसतात आणि काचेआड फिरणारे कपडे बघत राहतात. परवा मी गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "मशीन आवाज फार करता."

मामांनी काचेवरची नजर काढली नाही. "करू दे," म्हणाले.