काळवंडलेलं गार्नेट

“ही काच हाय! माझ्या पोरीच्या बोटात काच घालून गेलाय ह्यो, आणि इकली कुणी? तुम्ही!”

निपाणीकडचे तंबाखूवाले देवगोंडा आण्णा असं म्हणाले आणि त्यांनी अंगठी माझ्या काउंटरवर आपटली. मागे त्यांची थोरली बहीण, आक्का, तोंडाला पदर लावून उभी. दारात होणारा जावई जिनाप्पा. त्याला लोंढ्याहून बोलावून घेतलं होतं. साखरपुडा होऊन आठवडाही झाला नव्हता. खडा खोटा निघाला तर सोयरीक मोडली, हे आण्णांनी दुकानाची पायरी चढतानाच सांगून टाकलं.

मुलांनो, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी बेळगावात गोऱ्या पलटणींच्या कॅम्पाजवळच्या एका सराफी दुकानात नोकरी करत होते. मालक आप्पांना मडमांशी इंग्रजीत बोलणारं कोणीतरी हवं होतं आणि मी कॉन्व्हेंटात शिकलेली. खड्यांची पारख मी तिथेच शिकले. पहिली गोष्ट शिकले ती ही, की या धंद्यात प्रत्येकाला दुसरा चोर वाटतो.

जिनाप्पाला मी ओळखत होते. लोंढा स्टेशनात बुकिंग क्लार्क. साखरपुड्याला माणकाची अंगठी हवी म्हणून आला होता. बर्मा माणकाची किंमत ऐकून त्याने हात मागे घेतला. मग मी त्याच्यापुढे तीन लाल खडे ठेवले. एक भट्टीत तयार केलेलं माणिक. दिसायला निर्दोष, पण माणसाने केलेलं. दुसरं डब्लेट, म्हणजे वर खऱ्या खड्याची पातळ चकती आणि खाली चिकटवलेली रंगीत काच. तिसरं गार्नेट. खरा खडा, खाणीतला, स्वस्त. खोड एकच, रंग जरा काळसर.

“ह्यो जमिनीतनं निघालाय न्हवं? मग ह्योच द्या,” तो म्हणाला.

काळसर खडा उजळ दिसावा म्हणून आमचा सोनार त्याच्याखाली चकचकीत पातळ पत्रा घाली. त्याला डांक म्हणतात. कोंदण मागून बंद, त्यामुळे डांक कोणाला दिसत नाही. यात फसवणूक नाही, रीत आहे. पण डांकेला ओल चालत नाही. अंगठी पाण्यात घालू नका आणि सासुरवाडीला हे गार्नेट आहे असं स्पष्ट सांगा, या दोन्ही गोष्टी मी जिनाप्पाला बजावल्या होत्या.

आता तोच खडा माझ्यासमोर जळक्या चिंचोक्यासारखा पडला होता.

माझा पहिला संशय जिनाप्पावर. खडा काढून विकला असेल आणि काच बसवली असेल. आप्पांची नजर मागच्या खोलीत बसलेल्या सोनाराकडे गेली. आणि जिनाप्पा दारातूनच म्हणाला, “बाई, राग मानू नका, पण बदलला असंल तर हितंच बदललाय. मी तर डबी उघडली न्हाय साखरपुड्यापतोर.”

“तुम्ही माणिक म्हणून सांगितलंत का यांना?” मी विचारलं.

“न्हाय. गार्नेट म्हणूनच सांगितलं. आण्णांनाच इचारा.”

आण्णा खाकरले. “व्हय, तसं बोललाता. पण साऱ्या गावात माणिक हाय म्हणून झालंय.”

“कोणी केलं?”

आक्का छताकडे बघायला लागली.

मी भिंग लावलं. काचेत गोल बुडबुडे दिसतात. इथे एकही नव्हता. विकताना खड्याच्या एका कोपऱ्यात मला केसासारखी रेघ दिसली होती, टोकाला दुभंगलेली. ती जागच्या जागी होती. म्हणजे खडा तोच, आमचाच. तरीही काळा.

मग भिंगासाठी अंगठी आणखी डोळ्याजवळ धरली आणि मला वास आला. आंबट. उन्हाळ्यात झाकायला विसरलेल्या दह्याचा.

“आप्पा, कोंदण उघडायला सांगा.”

सोनाराने सगळ्यांसमोर कडा उचलल्या. खड्याखालून पांढरट नासकं काहीतरी निघालं. डांक काळी पडून चुरगळली होती.

“अंगठी दुधात कोणी टाकली?” मी विचारलं.

“मी न्हाय,” आण्णा घाईने म्हणाले आणि वळून बहिणीकडे बघायला लागले.

आक्काने पदर खाली घेतला. “व्हय, मीच टाकली. टाकत्यातच की सगळी! खरं माणिक असलं तर दूध लाल हुतंय. सकाळी बघतोय तर दूध पांढरं आणि खडा काळा.”

“पण जिनाप्पांनी गार्नेट म्हणून सांगितलं होतं ना?”

“गार्नेट आणलं म्हणून गावात काय सांगू? कोण वळखतंय त्याला? मी माणिक म्हणून सांगितलं. मग मलाच वाटाय लागलं, असंल बी माणिक. बघावं एकदा.”

“आणि ते दूध?” आप्पांनी विचारलं.

“टाकून देतोय व्हय? च्या केला. आण्णानंच पिला.”

सगळ्यात आधी जिनाप्पा हसला. आण्णांनी त्याच्याकडे डोळे वटारले आणि मग तेही हसले. मी गार्नेट धुऊन पुसून आण्णांच्या तळहातावर ठेवलं. उन्हात धरल्यावर ते डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसलं.

“शेट, ह्याच्या जागी चांगलं माणिक बसवा. मी देतो पैसे,” आण्णा म्हणाले.

“नको,” जिनाप्पा म्हणाला. “त्यांना ठावं हाय काय दिलंय ते. त्यांना हेच पायजे.”

‘त्यांना’ म्हणजे नवऱ्या मुलीला. तिला काय वाटतं, हे तोवर आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तोच खडा आम्ही डांक न घालता, मागून उघड्या कोंदणात बसवून दिला. काळसर तो काळसरच दिसला. निघताना आक्का माझ्या कानाशी आली. “बाई, आता दुधात टाकला तर चालंल?”

“चालेल. दूध लाल मात्र होणार नाही.”

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. त्यानंतर मी साखरपुड्याच्या अंगठीला बंद कोंदण कधी सुचवलं नाही. दुधात टाकू नका, असं गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो. सांगितलं की ते हमखास टाकतात. संशय काही जात नाही, मुलांनो, पण परीक्षा अशी घ्यावी की ती झाल्यावर खडा खडाच राहील.