चाळिसावं नाव

वडील गेल्यावर चौथ्या दिवशी नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, गंधमुक्तीच्या पत्रिकेचा विषय काढला. दिवसकार्याच्या या पत्रिकेत आमच्याकडे 'शोकाकुल' या शब्दाखाली घरच्या पुरुषांची नावं छापतात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मी म्हटलं, या वेळी बायकांचीही छापू. धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. घरात माझा शब्द सहसा कुणी मोडत नाही. मी बोलतेच कमी. नाना म्हणाले, "टाक. पण पुरुषांच्या खाली."

अक्का आतून ऐकत होती. ही वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, ती आमच्याच घरात राहिली. शेवटच्या महिन्यांत वडिलांना भरवणं, अंघोळ घालणं तिनेच केलं. मी शनिवारी धुळ्याहून गावी यायचे आणि रविवारी परत जायचे.

मी पाणी प्यायला आत गेले तशी ती हळूच म्हणाली, "मनं नाव बठ्ठास्ना मांगे टाक. पन टाक."

"टाकते, अक्का. सगळ्यांच्या शेवटी," मी म्हटलं.

पाचोऱ्याच्या प्रेसवाल्याला नावं तीन रकान्यांत मांडून हवी होती. चुलत भावाने पाठवलेल्या यादीत ती एकाखाली एक, लांबच लांब होती. अक्काचं नाव मी तळाशी जोडलं. हाताने रकाने पाडणं काही अवघड नव्हतं. पण मी लॅपटॉप उघडला आणि छोट्या प्रोग्राममध्ये एकात एक फिरणारे दोन लूप लिहिले: बाहेरचा ओळींसाठी, आतला रकान्यांसाठी. घरात माणसं येत होती, आई प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मला रडू येत नव्हतं. स्क्रीनकडे बघत बसायला कारण मिळालं.

थोरल्यांची नावं पहिल्या रकान्यात वरून खाली यायला हवी होती. ते मी नीट जमवलं. नावं चाळीस, रकाने तीन. ओळी किती ते भागाकाराने काढलं. अशा भागाकारात मशीन बाकी टाकून देतं. उत्तर आलं तेरा, आणि तेरा त्रिक एकोणचाळीस. बाकी उरली तर एक ओळ वाढवायची, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. जो विसरतो त्याला वर्गासमोर उभं करून विचारते, "राहिलेलं कुठे गेलं?"

तिन्ही रकाने खाली एका रेषेत संपले होते. ते पाहून मला बरं वाटलं. वडिलांना जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि रकाने सारखे आले म्हणून मला बरं वाटलं. शेवटचं नाव कोणाचं आहे, हे मी पाहिलं नाही. प्रेसला पाठवून दिलं.

पत्रिका छापून आल्या, मोटारसायकलींवरून गावोगाव गेल्या, फोटो सगळ्यांच्या फोनवर गेला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर माणसं बसलेली असताना नानांनी चष्मा चढवला आणि बोट फिरवत तिन्ही रकाने वाचले.

"काय मॅडम," ते मला म्हणाले, "बायास्ना नावं टाकाले निंघेल व्हतीस ना? मंग आमनी अक्कानं नाव कोठे शे?"

एकजण हसला. मी पत्रिका हातात घेतली आणि पाहताक्षणी मला कळलं काय झालं ते: ओळ वाढवायची मीच विसरले होते आणि चाळिसावं नाव गळलं होतं. अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"मीच सांगं व्हतं तिले, नको टाकू," ती म्हणाली. "मनं नाव कसाले?"

"बघा," नाना म्हणाले, "म्हातारीला कळतं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, एवढंच. अक्काने माझ्याकडे न बघता माझ्यापुढे कप धरला. मी तो घेतला आणि चहा प्यायले.

दिवसकार्य उरकून धुळ्याला आल्यावर मी एक ओळ वाढवली. या वेळी तिसरा रकाना दोन नावांनी आखूड आला आणि त्याच्या तळाशी अक्काचं नाव होतं. कागद छापला आणि शनिवारी घेऊन गेले.

ती परसात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. लुगड्याला हात पुसून तिने कागद घेतला आणि एकेका नावावर बोट ठेवत, ओठ हलवत वाचला. शेवटच्या नावावर बोट थांबलं.

"हाऊ कागद कोठे कोठे धाडा?"

"कुठेच नाही, अक्का. हा एकच आहे."

तिने तो घडी करून माझ्या हातात परत दिला.

"मंग नानाले दखाडू नको. मी खोटी पडसू."

ती पुन्हा शेंगा सोलू लागली. मीही शेजारी बसून सोलू लागले. कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. तिला खोटं न पाडता नानांना खरं सांगता येईल, असं वाक्य मी शोधते आहे. ते सापडत नाही म्हणून गप्प आहे, असं स्वतःला सांगते. पण ओट्यावर त्या दिवशीही मी गप्पच होते, आणि तेव्हा मी काहीही शोधत नव्हते.