वेगाची मोनाली, वळणाची आश्लेषा

मोनाली गणवीरला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो फुकाचा नव्हता. नागपूरला एम. फार्म. करताना ती दोनशे मीटर पंचवीस सेकंदांच्या आत पळायची. आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं तिचं ब्राँझ आजही माहेरच्या शोकेसमध्ये, बुद्धमूर्तीच्या शेजारी आहे. पुढं नोकरी, लग्न, अमेरिका, मुलगी रुही असं सगळं एकामागून एक होत गेलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावाजवळच्या एका औषध कंपनीत क्वालिटीचं काम करता करता ती एकोणचाळीस वर्षांची झाली. पण रविवारी सकाळी शाळेच्या ट्रॅकवर शेजारून कुणी पळत गेलं, की तिचे पाय आपोआप सुटायचे. पुढं गेल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागला की तिचं एक पालुपद ठरलेलं होतं. "एखाद्या खऱ्या स्प्रिंटरला सोडा यांच्यात. बॉल द्या हातात. कोण धरतं बघू!" नवरा धम्मदीप मान डोलवायचा. एकदा तिनं हेच ऑफिसात जेवताना ऐकवलं. समोर मार्कस बसला होता. कॉलेजात तो हा खेळ खेळलेला.

"पुष्कळांनी करून बघितलंय," तो म्हणाला. "काहींना जमलं, बऱ्याच जणांना नाही. ट्रॅकवर तुझ्या लेनमध्ये कुणी येत नाही ना? इथं सगळे तुझ्याच लेनमध्ये असतात."

मोनाली हसली. तिला ते हरणाऱ्याचं बोलणं वाटलं. "मला खेळायला मिळालं असतं तर दाखवलं असतं."

"मग दाखव की," मार्कस म्हणाला. त्याची बहीण डेनिस बायकांच्या फ्लॅग फुटबॉल टीमची कोच होती. या प्रकारात कुणी कुणाला आडवं पाडत नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन फडकी लावलेली असतात. बॉल घेऊन पळणारीचं फडकं समोरच्या टीमनं ओढलं, की डाव तिथंच थांबतो.

पहिल्याच सरावाला डेनिसनं सगळ्यांना चाळीस यार्ड पळवलं. मोनाली बाकीच्यांपेक्षा दहा पावलं आधी पोचली. बायकांनी शिट्ट्या मारल्या. डेनिसनं स्टॉपवॉच दोनदा बघितलं. त्या दिवशी घरी येताना मोनाली गाडीत मोठ्यानं गात होती.

मग मॅचेस सुरू झाल्या. मोनालीनं सरळ सुसाट पळायचं आणि मागून येणारा बॉल खांद्यावरून झेलायचा, असं ठरलेलं होतं. ती सगळ्यांच्या पुढं जायची, बॉलही यायचा, पण तिच्या तळव्यांवर आपटून उडायचा. चुकून हातात बसलाच, तर समोर एखादी जाडगेली बाई नुसती उभी राहायची आणि मोनाली जवळून सणकन गेली की शांतपणे तिचं फडकं काढून घ्यायची. एवढ्या वेगात वळायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तरी टीम म्हणायची, "जमेल, जमेल. तुझा वेग बघ!" त्या वेगाच्या भांडवलावर तिचे चार आठवडे निभावले.

पाचव्या आठवड्यात दोन खेळाडू कमी पडल्या, तेव्हा मोनालीनंच आश्लेषाला आणलं. आश्लेषा मूळची सांगलीची. चौतीस वर्षांची, ठेंगणी, जवळच्याच टाउनहाउसमध्ये नवरा शंतनूबरोबर राहणारी. कॉलेजात खो-खो खेळायची, एवढंच मोनालीला माहीत होतं. लांबट बॉल हातात घेऊन आश्लेषा म्हणाली, "ताई, हा तर पपईसारखा आहे गं!"

चाळीस यार्डांत ती मोनालीच्या कितीतरी मागं राहिली. मोनालीनं तिच्या पाठीवर थाप मारली. "होईल सवय."

पण खेळ सुरू झाला आणि आश्लेषाला कुणी हात लावू शकेना. ती पळत नव्हतीच मुळी. दोन पावलं इकडं, खांदा तिकडं, कंबर मध्येच आत, आणि समोरची रिकामी मूठ घेऊन उभी. खांबाजवळची हुलकावणी तिनं जशीच्या तशी इथं आणली होती. डेनिस गुडघ्यावर हात ठेवून हसत सुटली. "हे कुठं शिकलीस?" पुढच्या मॅचमध्ये आश्लेषानं तीनदा बॉल थेट शेवटच्या रेषेपलीकडं नेला, तीन टचडाउन केले. मोनालीनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात तिनंच वाजवल्या.

तिथून तिच्या पोटात जे पेटलं ते विझेना. टीमच्या ग्रुपवर फोटो आला. त्यात मधोमध आश्लेषा होती आणि कडेला मोनालीचं नुसतं कोपर. तो फोटो तिनं कितीदा मोठा करून बघितला. घरी रुही स्वयंपाकघरात कंबर हलवत फ्रिजला चुकवायला लागली. "आई, look! I'm आश्लेषामावशी!"

"दूध सांडेल. बस खाली," मोनाली खेकसली. दुधाचा ग्लास तर टेबलावर होता.

तिला आश्लेषाचं काहीच बघवेना. तिची आखूड पावलं, तिचे स्वस्तातले बूट, मॅच संपल्यावर केस सोडून पुन्हा बांधायची तिची लकब. मी पहाटे उठून, उलट्या करून, पोटऱ्या फाटेस्तोवर पळाले. ही कोण? खो-खोत पोरीबाळींना चुकवणारी! आणि वर ही बया चांगली वागत होती. एकदा गाडीत म्हणाली, "ताई, तुला हुलकावणी शिकवू का? सोपी असते."

"मी नॅशनल लेव्हलला धावलेय, आश्लेषा."

"हो, ते आहेच गं," आश्लेषा म्हणाली, आणि तिनं विषय बदलला.

ऑक्टोबरात शार्लटला स्पर्धा होती. रविवारच्या मॅचमध्ये बॉल झेलायला दोघींपैकी एकच सुरुवातीपासून उतरणार होती. शनिवारच्या सरावाला जी नसेल ती बाकावर, हा डेनिसचा नेहमीचा नियम. शुक्रवारी डेनिस मोनालीला पार्किंगमध्ये भेटली. "उद्या दहाऐवजी आठला. बाकीच्यांना कळवलंय. तुम्ही दोघी एकाच गाडीनं येता, तर आश्लेषाला तू सांग."

"सांगते," मोनाली म्हणाली.

घरी आल्यावर तिनं फोन हातात घेतला आणि लिहिलं, "उद्या मला लवकर एक काम आहे, तू तुझी ये." वेळेबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नाही. मेसेज गेला. तिनं फोन पालथा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

शनिवारी दहाला आश्लेषा धावतपळत मैदानात आली, तेव्हा सगळ्या जणी बॅगा भरत होत्या. डेनिसनं फक्त डोकं हलवलं. आश्लेषाचा चेहरा उतरला. मग ती सरळ मोनालीकडंच आली. "सॉरी ताई, माझंच लक्ष नसणार. मी नसल्यामुळं आज तुझ्यावर सगळा भार पडला असेल."

मोनालीच्या तोंडून एवढंच निघालं, "असू दे."

रविवारी शार्लटला जाताना गाडी आश्लेषानंच चालवली. डब्यात थालीपीठ आणि लोणी होतं. मोनालीनं डबा उघडलाच नाही.

मॅचच्या पहिल्या अर्ध्यात मोनालीनं दोन बॉल सोडले. तिसरा झेलला, पण तीन पावलांत फडकं गेलं. कडेला पाण्याच्या बाटल्या धरून उभी असलेली आश्लेषा बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "ताई, पावलं लहान टाक! खांदा दाखव तिला, खांदा!" त्या ओरडण्यात तसूभरही खोट नव्हती. मोनालीला ते सहन होईना. तिला वाटलं, हिनं माझी टिंगल केली असती तर किती बरं झालं असतं.

मध्यंतरात ती डेनिससमोर जाऊन उभी राहिली. टीम भोवतीच होती. "आश्लेषाला वेळ बदलल्याचं मी सांगितलं नव्हतं. विसरले नव्हते. मुद्दाम."

डेनिसनं तिच्याकडं नीट बघितलं. "बस खाली," ती म्हणाली. मग आश्लेषाकडं वळून, "तू उतर."

आश्लेषानं दोन टचडाउन केले. तरी टीम एका गुणानं हरली. आश्लेषा टीममधल्या दुसऱ्या एकीच्या गाडीत बसायला तयार झाली आणि आपल्या गाडीची किल्ली मोनालीच्या हातात न बघता ठेवून गेली. अडीच तासांचा रस्ता मोनाली एकटी आली.

किल्ली परत करायला ती गेली, तेव्हा आश्लेषानं दार अर्धंच उघडलं.

"तुला एवढंच हवं होतं तर बोलायचंस ना ताई. मी आलेच नसते. मला थोडंच ऑलिम्पिकला जायचंय?"

"तेच तर," मोनाली म्हणाली. "तुला ते नकोय आणि तरी जमतं. मला हवंय आणि जमत नाही. मी जळले तुझ्यावर. अजून जळतेय. माफ कर म्हणायला आलेय, पण खोटं नाही बोलणार."

"मला आत्ता काही बोलायचं नाहीये," आश्लेषा म्हणाली, आणि दार लावून घेतलं. पुढचे तीन आठवडे दोघी एकाच मैदानावर वेगवेगळ्या गाड्यांतून आल्या.

मोनालीला टीममधून काढलं नाही, पण खेळवलंही नाही. ती सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायची, बाटल्या भरायची. एकदा डेनिसनं तिला हाक मारली. समोरच्या टीमच्या बॉल फेकणारीवर चाल करून जायला एक खेळाडू डाव सुरू होतो त्या रेषेपासून सात यार्ड मागं उभी राहते. इशारा झाला की तिनं सरळ धावायचं, आणि बॉल सुटायच्या आत फेकणारीचं फडकं ओढायचं. "झेलायचं नाही, चुकवायचं नाही," डेनिस म्हणाली. "कळलं?"

मोनालीनं डावा पाय पुढं घेतला. इशारा झाला, आणि बॉल फेकणारीचा हात खांद्यापर्यंत यायच्या आत फडकं मोनालीच्या मुठीत होतं. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तेच. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला मैदानावर पाय टेकल्यासारखे वाटले.

त्या हंगामातल्या शेवटच्या मॅचमध्ये तिनं पाच वेळा फडकं काढलं. आश्लेषानं दोन टचडाउन केले. लोकांनी आश्लेषालाच उचललं. फडकं ओढणारीला कोण उचलतं? मोनालीच्या पोटात पुन्हा ते बारीकसं पेटलं. तिनं ते ओळखलं आणि जागची हलली नाही.

पार्किंगमध्ये आश्लेषा घामाघूम होऊन तिच्याजवळ आली. "तुझ्याकडं जागा आहे का? माझी गाडी आज शंतनूनं नेलीय."

"बस," मोनाली म्हणाली, आणि पुढच्या सीटवरची बॅग मागं टाकली.