एमिल वोदिच्काची पाच मैदानं

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एमिल वोदिच्का माझ्या दुकानात शिरला तो टोपीवरचा बर्फ झटकायचंही विसरून. गल्ल्यावर मांडलेले बियाण्यांचे नमुने त्याने कोपराने बाजूला सारले आणि काखेतला नकाशा पसरला.

"पाच!" तो म्हणाला. "बारा दिवसांत पाच बसतात. कॅन्सस सिटी, सेंट लुईस, शिकागो, मिलवॉकी, मिनीॲपोलिस. मग घर."

"पाच काय?"

"स्टेडियम रे! दुसरं काय?"

नेब्रास्कातल्या आमच्या गावात बेसबॉलचं मैदान एकच, आणि एकतीस वर्षं ते एमिलच्या हातात होतं. दिवसभर धान्याच्या कोठारावर नोकरी करायची आणि तिथून थेट मैदान गाठायचं. गवत कापायचं, मधली लाल माती चाळायची, चेंडू फेकणारा ज्या उंचवट्यावर उभा राहतो तो पाणी मारून चोपायचा. गवताचं बी तो माझ्याकडूनच न्यायचा. पिशवीत हात घालून, वास घेऊन, तोंड वाकडं करून मगच न्यायचा.

पण या माणसाने मोठं स्टेडियम कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सामने उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात त्याला गाव सोडवत नसे. दर हिवाळ्यात बेत व्हायचा आणि एप्रिल आला की बारगळायचा. गेल्या वर्षी मात्र गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता वाकायचं नाही म्हणून डॉक्टरने दम दिला, आणि मैदान शाळेत गणित शिकवणाऱ्या मार्सी नोव्होत्नीकडे गेलं. एमिल आठवडाभर अंथरुणातून हलला नाही. नंतर नव्या हंगामाचं वेळापत्रक हाती आलं आणि गडी उठून बसला.

त्या रविवारी त्याने मला घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. त्याची बायको रोझमेरी कोलाचीचं ताट हातात घेऊन उभी होती. कोलाची म्हणजे मध्ये खसखशीचं सारण भरलेले गोड पाव. ते ठेवायला टेबलावर जागाच नव्हती.

"ऐक ना," एमिल मला म्हणाला. "शिकागोचा संघ जूनच्या तीन तारखेपर्यंतच घरी आहे, मग बाहेरगावी. मिलवॉकीचा पाचला परत येतो. म्हणजे सेंट लुईसमध्ये दोन दिवस काढले, की सगळं कसं बसतं बघ! एकही दिवस फुकट नाही!"

"सामने संध्याकाळी सातला," रोझमेरी म्हणाली. "आणि हा मला सकाळी नऊला नेऊन फाटकाबाहेर उभी करणार. का, तर म्हणे मातीला पाणी मारताना बघायचंय! लोक खेळ बघायला जातात, एमिल."

"खेळ टीव्हीवर दिसतो. माती दिसते का टीव्हीवर?"

"मी येईन. पण माझ्याही अटी आहेत. एक, गाडीत बसून सँडविच खायचं नाही. प्रत्येक गावात टेबलाशी बसून जेवायचं. दोन, मिलवॉकीला तळ्याकाठच्या हॉटेलात उतरायचं, खिडकीतून पाणी दिसेल अशा खोलीत."

"मंजूर!" एमिलने इतक्या चटकन म्हटलं की ती बिचकलीच.

"आधी भाडं तरी विचार, बावळटा."

पुढच्या पंधरवड्यात त्याने पाचही मैदानं सांभाळणाऱ्या प्रमुखांना हाताने पत्रं लिहिली. मी कोण, माझं मैदान केवढं, आमच्याकडे वारा कसा सुटतो, उंचवट्याला भेगा पडू नयेत म्हणून मी रात्री ओली गोणपाटं कशी घालतो, आणि शेवटी, सकाळी अर्धा तास आत येऊ द्याल का? फेब्रुवारी सरला. एकाचंही उत्तर नाही. रोज अकराला पोस्टाची गाडी आली की एमिल काठी टेकत फाटकापर्यंत जायचा आणि विजेचं बिल घेऊन परतायचा. "मोठी माणसं आहेत, कामात असणार," असं तो मला सांगायचा, आणि मीही मान डोलवायचो.

मार्चमधल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे असताना फोन वाजला. एमिलने उचलला आणि खुर्चीतून ताडकन उभा राहिला.

"हो, मीच... हो, हाताने लिहिलेलं... कोण?"

त्याने फोनवर हात ठेवला. "मिलवॉकी!" तो आम्हाला ओरडून म्हणाला, जणू आम्ही शेजारच्या गावात बसलोय.

पलीकडे लेव्हर्न टिलमन नावाचा गृहस्थ होता, तिथल्या मैदानाचा प्रमुख. त्याला गोणपाटांबद्दल विचारायचं होतं. किती ओली? एक थर की दोन? वर ताडपत्री घालता का? एमिल चाळीस मिनिटं बोलला. रोझमेरीने दोनदा खुर्ची पुढे सरकवली, त्याने दोनदा पायाने मागे ढकलली. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"सहा जूनला, सकाळी दहाला या म्हणाला. अर्धा तास नाही, सबंध दिवस! येताना जुने बूट घालून या म्हणाला, रोझी! हातात दाताळं देणार आहे मला!"

रोझमेरीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून हळूच म्हणाली, "एमिल, सहा जूनला आपल्या गावच्या संघाचा हंगामातला पहिला सामना आहे."

एकतीस वर्षांत त्याने पहिला सामना चुकवला नव्हता. तो मटकन खुर्चीत बसला.

एप्रिलमध्ये तो घडीची खुर्ची घेऊन मैदानावर जाऊ लागला. बसल्या बसल्या मार्सीला सूचना द्यायचा. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी, अगं हळू. चौथ्या दिवशी तिने फावडं खाली टाकलं.

"काका, मी तीस पोरांना अपूर्णांक शिकवते, माझ्यात भरपूर दम आहे. पण एकदाच काय ते सांगा. हा उंचवटा तुमच्या पसंतीला उतरतोय की नाही?"

एमिल उठला. डॉक्टरांचं न ऐकता वाकला आणि मातीत अंगठा दाबला.

"थोडं पाणी जास्त झालंय."

"आणि?"

"आणि काही नाही. मी मिलवॉकीला जातो."

मार्सीने त्याला अशी मिठी मारली की त्याची टोपी पडली.

सहा जूनला आमचा संघ नऊ-दोन असा सपाटून हरला. उंचवट्याला मात्र एकही भेग पडली नाही. मार्सी वारंवार तेच सांगत होती, आणि हरलेल्या पोरांना ते मुळीच ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. रोझमेरीचा आवाज इतका बसला होता की आधी मला ओळखूच आली नाही.

"आजारी पडलीस की काय?"

"छे! ओरडून ओरडून घसा गेला. शेवटच्या डावात जिंकलो आम्ही मिलवॉकीवाले! मी खुर्चीवर चढले होते, शेजारच्या अनोळखी बाईने मला धरून ठेवलं."

"आणि एमिल?"

"काल सकाळी पाऊण तास टिलमनशी भांडला, गवत किती उंच ठेवावं यावरून. आता दोघं नाश्ता करताहेत. अजून भांडताहेत." ती हसली, खोकली. "बरं ऐक, एक काम कर. पिट्सबर्गचा संघ सप्टेंबरात घरी कधी असतो, ते जरा बघून ठेव. त्याला सांगू नकोस. पुढचा बेत मी करणार आहे."