जाहिरातींवर रोज बोट दाबणारा गट

तेलवाले काकांना वाटलं, आपण सभ्यपणा केला. कंपनीला ती लबाडी वाटली. आणि पुतणी बिचारी दोघांच्या मधे डोकं धरून बसली.

काकांचा उभा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला. दुकान बंद पडलं, तसे ते घरी बसले आणि चांगल्या चालत्या पंख्याचे स्क्रू काढायला लागले. पुतणी वैतागली. तिने त्यांना इंटरनेटवर एक गट काढून दिला. जुन्या मशीनवाल्यांनी विचारायचं, काकांनी सांगायचं. पहिलं उत्तर ठरलेलं, "आधी तेल घाला." त्यावरूनच तेलवाले काका हे नाव पडलं. नियमही काकांचाच होता. नावगाव सांगत बसायचं नाही, मशीनचं दुखणं सांगायचं. मग काका एकेकाचं बारसं करायचे. कुणी सुईबाई झाली, कुणी तुटका दात, कुणी नुसताच खडखड. बघता बघता माणसं जमली आणि दात घासायच्या आधी काका गट उघडायला लागले.

"पण ही जागा देतं कोण?" त्यांनी एकदा विचारलं.

"कंपनी. फुकट. बाजूला जाहिराती दिसतात ना, त्यांच्यावर चालतं सगळं."

झालं! फुकटचं घेणं काकांना कधी पचलंच नव्हतं. त्यांनी लगेच गटात लिहिलं, "मंडळी, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. येताजाता प्रत्येक जाहिरातीवर बोट दाबत जा." मंडळी तरी काय, काकांचा शब्द म्हणजे शब्द! स्वतः काका डोक्यावर केसाचा पत्ता नसताना केसांच्या तेलावर इमानेइतबारे बोट दाबायचे.

एका सकाळी गट गायब. तिथे एकच ओळ होती. जाहिराती खोट्या हेतूने दाबल्यामुळे गट कायमचा बंद.

"खोटा हेतू?" काका चक्रावले. "अगं, मी आभार मानत होतो!"

"काका, प्रत्येक वेळी दाबलं की जाहिरातवाल्याला पैसे पडतात. तुम्हाला काही घ्यायचंच नव्हतं, म्हणजे त्याला फसवलंत."

"आणि दाबलंच नसतं तर?"

"ते चाललं असतं."

"म्हणजे दखल घेतली की चोर, आणि तोंड फिरवलं की साव?"

पुतणीने कंपनीला पुन्हापुन्हा विनवलं. उत्तर तेच आलं.

काकांचं जेवणावरचं मन उडालं. "सुईबाईचं मशीन उघडं पडलंय गं. सगळं सोडवायला मी सांगितलं, आणि जोडायचं कसं ते सांगायचं राहिलं. काय म्हणत असेल ती मला?"

"फोन नंबर आहे तिचा?"

"नाही."

"खरं नाव?"

कुणाचा पट्टा घसरतो, कुणाचा दोरा तुटतो, सगळं काकांना तोंडपाठ. माणूस मात्र एकही ठाऊक नव्हता.

"नवा गट काढू आणि तिथेच त्याची जाहिरात देऊ," पुतणी म्हणाली. "हा बघा फॉर्म, जाहिरात कोणाला दाखवायची ते कंपनीवाले विचारतायत. वय?"

"काय माहीत."

"गाव?"

"हवा दमट आहे तिथली. सुया गंजतात."

"बाई की पुरुष?"

"सुईबाई म्हणजे..." काका अडखळले. ती बाई आहे हे तरी त्यांना कुणी सांगितलं होतं? त्यांचा चेहरा इतका पडला, की पुतणीने पुढचं विचारलंच नाही. ती फॉर्मवरचे पर्याय खाली सरकवत राहिली. बागकाम करणारे, मांजर पाळणारे, आणि त्याच्या खाली, जुनी शिलाई मशीन दुरुस्त करणारे.

"अरे देवा!" ती ओरडली. "काका, ही तुमचीच माणसं! गट बंद केला मेल्यांनी, पण माणसं ठेवलीत राखून. जाहिरातवाल्यांसाठी!"

काका स्क्रीनजवळ वाकले. रागवावं की हात जोडावेत, त्यांना काहीच कळेना.

"म्हणजे सुईबाई कोण, कुठे असते, हे कंपनीला ठाऊक आहे?"

"असणारच."

"आणि मला नाही." त्यांचे डोळे भरून आले. मग ते खुर्ची ओढून बसले. "लिही. जाहिरातीत माझं नाव लिही, आडनाव लिही. फोन नंबर लिही, घराचा पत्ता लिही. दार कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा लिही."