गोधडीच्या पोटातला कांदा

प्रथम काळ नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी 'आम्हाला आठवत नाही' असे म्हणू नये.

१९५३, संक्रांतीनंतरचा आठवडा. चाकण येथील आमच्या राहत्या घराच्या ओसरीवर माझ्या धाकट्या बहिणीने घातलेले टाके तिच्या देखत उसवण्यात आले. जबाबदार : माझी थोरली वहिनी.

त्याच वर्षीचा श्रावण. वरील कृत्याला 'रूढी' असे नाव देऊन त्याचे समर्थन करण्यात आले. जबाबदार : आमच्या आळीतले भिक्षुक.

तेव्हापासून १९५६ पर्यंत अखंड. बहिणीकडून गोधड्या शिवून घ्यायच्या आणि शेवटच्या टाक्याला तिला उठवायचे. जबाबदार : भजनी मंडळाच्या मुख्य बाई आणि त्यांच्या मागे बसून मान डोलावणाऱ्या सर्वजणी.

१९५६, कार्तिक, माझ्या नातवाच्या बारशाची सकाळ. जबाबदार : वरीलपैकी कोणीतरी. कोण, हे आजवर उघड झालेले नाही.

मी खेडच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे मला कोणी शिकवायला नको. परंतु एक बाजू बोलायलाच तयार नसेल तर दुसरीने कुठवर थांबावे?

आमच्या आळीत गोधडी कडेकडून आत शिवत जातात. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर अंथरायचे, किनारीपासून धावदोरा घालायचा, फेऱ्यामागून फेरा आत न्यायचा. शेवटी मध्ये हातभर चौकोन उरतो. त्याला गोधडीचे पोट म्हणतात. त्यात तांदळाचे चार दाणे ठेवायचे, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही, आणि वर ठिगळ लावून ते पोट शिवायचे. त्या ठिगळावर काय काढायचे, कमळ, तुळस की मोर, हे जी पोट भरते ती ठरवते. आणि पोट भरायचे ते सवाशिणीनेच.

माझी बहीण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी आली. तिच्यासारखा बारीक, सरळ दोरा आळीत कोणाचा नव्हता, म्हणून प्रत्येक घरची गोधडी तिच्याकडे येई. मात्र पोट आले की मालकीणबाई येत आणि म्हणत, "आता सर जरा."

संक्रांतीनंतर तिने वहिनींच्या एका गोधडीच्या पोटावर स्वतःच्या मनाने पोपट लावला. खणाच्या तुकड्याचा, चोच लाल. वहिनी आल्या, त्यांनी पाहिले आणि सुईच्या टोकाने टाके उसवायला बसल्या. रागावल्या नाहीत, हसत होत्या.

"वन्सं, दोरा तुमचा, पोट आमचं. ठरलेलं आहे ना? आणि हा पोपट आहे की मिरची?"

जमलेल्या बायका हसल्या. बहीणही हसली. ते हसू मी पाहिले आहे, आणि मला ते कोणी विसरायला सांगू नये.

त्या दिवसापासून तिला निवडण्याचे भय जडले. बाजारात वांगी आणायला गेली की रिकामी पिशवी घेऊन परत येई. "काटेरी घ्यावीत की बिनकाट्याची, ठरेना, दादा." स्वतःसाठी गोधडी घेई, फेरे घालत पोटापर्यंत येई आणि थांबे. सुई तशीच टोचून घडी करून ट्रंकेत ठेवी, दुसरी सुरू करी. अशा अर्धवट गोधड्यांनी ट्रंक भरली. पुढे उघडली तेव्हा सुया गंजून प्रत्येक गोधडीला तांबूस डाग पडले होते.

मी जबाबदारांना जाब विचारणारी पत्रे लिहिली. वहिनी आमच्याच अंगणापलीकडे राहत, तरी पोच मिळावी म्हणून रजिस्टर टपालाने लिहिले. उत्तर पोस्टमननेच आणले, तोंडी. "वहिनीबाई म्हणाल्या, भावजींना सांगा, हाक मारली तर मला ऐकू येतं. तिकिटं वाया घालवू नका."

भिक्षुकांनी लेखी उत्तर देण्याचे टाळले आणि ओट्यावर बसून सांगितले, "शास्त्रापेक्षा रूढी बलवान, राव. हे तुम्ही कोर्टातले, तुम्हालाच ठाऊक."

मला ठाऊक होतेच. कायदा रूढी मानतो, पण ती प्राचीन, अखंड आणि वाजवी असली तर. म्हणून मी आळीतल्या सर्वांत वृद्ध बाईंकडे गेलो आणि विचारले, ही चाल केव्हापासूनची? त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंच्या वेळी सुईण होती ना, ती बोडकीच होती. सगळ्या आळीच्या बाळंतविड्यातल्या गोधड्यांची पोटं तीच भरायची. तिच्या हातचं मूल जगतं म्हणायचे." म्हणजे चाल प्राचीन नाही, अखंड नाही, आणि वाजवी तर मुळीच नाही. हे मी भिक्षुकांना कळवले. ते म्हणाले, "म्हातारीला भ्रम झालाय."

मंडळाच्या मुख्य बाईंनी पत्र फोडलेसुद्धा नाही. त्याच आठवड्यात त्यांची नवी गोधडी मात्र बहिणीकडे आली.

१९५६ साली माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. जावई पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला होते आणि ती दोघे तिथल्या वसाहतीत राहत. आल्या आल्या तिने आत्याचा हात धरला. "आत्या, बाळाची गोधडी तूच करायची. पोटासकट. दुसऱ्या कोणाचा हात लागलेली मी घेणार नाही."

बहीण तयार झाली, कारण या मुलीला तिने कधी नाही म्हटले नव्हते. फेरे भराभर आत आले आणि पोटाशी सुई अडली. मुलीचे दिवस भरत आले. मी बहिणीला आठवडे बाजारात नेले. तिथे एक मुसलमान कापडवाले ठाण फाडून उरलेल्या चिंध्या वेगळ्या विकत. त्यांनी तिच्यापुढे ढीग ओतला. ती एक तुकडा उचलायची, ठेवायची, पुन्हा तोच उचलायची. गिऱ्हाइके येऊन गेली.

"आक्का," ते शेवटी म्हणाले, "घ्या की हातात नीट. कापड चावत न्हाई. का मी जेवून येऊ? तवर ठरंल?"

मी अधीर होऊन एक हिरवा तुकडा तिच्या हातात दिला. म्हटले, हा घे, यावर तुळस लाव, कोणाची हरकत येणार नाही.

तिने तो परत ढिगावर ठेवला. "दादा, तू निवडलंस काय नि वहिनींनी निवडलं काय, माझ्याकडं दोराच राहिला ना?"

मी पाच पावले मागे जाऊन उभा राहिलो. ती बराच वेळ शेजारच्या कांद्याच्या ढिगाकडे पाहत होती. कोणीतरी पारखण्यासाठी एक कांदा आडवा चिरून ठेवला होता. मग तिने गुलाबी, फिकट जांभळा आणि पांढरा असे तुकडे भराभर उचलले आणि "चल" म्हणाली.

गोधडीच्या पोटावर तिने चिरलेला कांदा लावला. वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ. बाहेरून आत येणाऱ्या तिच्या फेऱ्यांशी ते इतके जुळले की गोधडीच मुळी त्यासाठी शिवली असावी. तांदूळ तिने स्वतः ठेवले. शेवटची गाठ मारून दोरा दाताने तोडला.

वहिनी पाहायला आल्या. "कांदा? बाळाच्या गोधडीत? वन्सं, तो देवाला चालत नाही."

"देवाला नाही घालायची. बाळाला घालायची आहे."

मुलगा झाला. बारशाच्या आदल्या संध्याकाळी पाळणा सजवायला वहिनी, मुख्य बाई आणि मंडळातल्या बायका आल्या होत्या. भिक्षुकही मुहूर्त सांगण्याच्या निमित्ताने दोनदा डोकावले. सकाळी बहिणीने पाळण्यातली गोधडी उलगडली, तर पोटावर कांदा नव्हता. लाल कापडाचे स्वस्तिक होते, घाईत शिवलेले, लांब टाक्यांचे. कांद्याचे ठिगळ घडी घालून कोनाड्यात ठेवले होते. ज्याने हे केले त्याला ते फेकण्याचे धैर्य झाले नव्हते.

मी सर्वांसमक्ष विचारले, हे कोणी केले? वहिनी म्हणाल्या, "मला काय विचारता, भावजी? गोधडी तुमच्या घरात होती." मुख्य बाई पाळण्याची दोरी सारखी करू लागल्या. भिक्षुकांनी घड्याळ पाहिले.

बहीण उठली. कोनाड्यातून ठिगळ घेतले, सुईत दोरा ओवला आणि पाळण्याशेजारी बसली.

"स्वस्तिक उसवू नये हो," मुख्य बाई म्हणाल्या. "अपशकुन होतो."

"उसवत नाही. त्याच्यावर लावते. खाली राहू दे बापडं, त्यालाही ऊब मिळेल."

बायका हसल्या. या वेळी कोणाला हसल्या, हे ज्यांना कळायचे त्यांना कळले. मुहूर्त टळला, भिक्षुक कुरकुरले, आणि माझा नातू कांद्यावर निजला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने ट्रंक उघडली. गंजलेल्या सुया काढल्या, डाग तसेच ठेवले आणि एकामागून एक पोटे भरली. एकावर रहाट, एकावर लाल एस.टी., एकावर तोच पोपट, चोच आणखी मोठी करून. एका गोधडीवर तिने नुसता पांढरा चौकोन लावला. मी विचारले, हे राहिले का? म्हणाली, "नाही. हिला असंच हवं होतं." वांगीही आता ती न अडखळता आणते.

आता आळीतल्या बायका येतात आणि म्हणतात, पोट तूच भर, तुझ्या हाताला गुण आहे. वहिनींनीही आपली गोधडी पाठवली. चूक झाली असे एकीनेही म्हटलेले नाही. जणू चाल आपोआप आली होती आणि आपोआप गेली. बहीण म्हणते, "सोड आता, दादा." तिने क्षमा केली असेल, तो तिचा अधिकार आहे. मी माझी फिर्याद मागे घेतलेली नाही.

म्हणून वरील सर्वांस हे जाहीर विचारतो. येत्या एकादशीला देवळाच्या सभामंडपात, भजन सुरू होण्यापूर्वी, आळीतल्या लहानथोरांसमक्ष उभे राहून सांगावे की बारशाच्या आदल्या रात्री कांद्याचे टाके कोणी उसवले, आणि विधवेच्या हाताला चौकोनाशी अडवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. पोस्टमनकरवी निरोप चालणार नाही. मी पुढच्या रांगेत बसलेला असेन. माझी बहीण शेजारी असेल, आणि मांडीवर ती गोधडी. उत्तर मोठ्याने द्यावे.