वासाला बोलावणारे मामा

मामा बाटलीला कधी नाक लावायचे नाहीत. बूच काढलं की बाटली हातभर लांब धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने वास आपल्याकडे ओढायचे, अंगणातल्या पोराला घरात बोलवावं तसे. मग डोळे मिटून निकाल द्यायचे. "वासाला बोलवायचं, भाऊ. आपण त्याच्या घरी जायचं नाय."

आणीबाणी उठल्यानंतरची तीन-चार वर्षं मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो. संशोधनाची प्रयोगशाळा एकच, गाइड तिघे आणि विद्यार्थी आम्ही सात-आठ. सामाईक जागेचं जे होतं तेच तिचं झालं होतं. बाटल्या कमी पडायच्या, म्हणून रिकामी बाटली धुवायची आणि तिच्यात भलतंच काही भरायचं. नावाचा कागद डिंकाने चिकटवायचा, तो ॲसिडच्या वाफांनी महिन्याभरात करपून गळायचा. नवा लावायचा कंटाळा. आणि लावायचा तरी कशाला, मामा होते ना! बिननावाची बाटली सापडली की ती मामांपुढे. तुमच्यापैकी कुणी प्रयोगशाळेत काम केलं असेल तर कपाळावर हात माराल, पण आमची सगळी सुरक्षितता एका माणसाच्या नाकावर चालली होती. आम्हाला त्याची लाज वाटत नव्हती, उलट कौतुक होतं.

मामा चांदवडकडचे. मदतनीस म्हणून अकरा वर्षं रोजंदारीवर. बाहेरून कुणी पाहुणे आले की विभागप्रमुख मुद्दाम मामांना बोलावून बाटल्या ओळखायला लावायचे आणि "यांना आता कायम करायचंय" असं म्हणायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे, मामा हात जोडायचे आणि पुन्हा काचेची भांडी धुवायला जायचे.

एकदा दुपारी ओव्हनच्या वायरीचं रबर जळत होतं. धूर दिसत नव्हता, पण वासाने मी व्हरांड्यातून धावत आलो. मामा त्याच ओव्हनशेजारी स्टुलावर बसून निवांत पेपर वाचत होते. मी प्लग ओढला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपराची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

मग त्यांनी सांगितलं. वास कमी कमी होत गेला होता आणि आता वर्षभर काहीच नव्हतं. गटार काय न् मोगरा काय, सगळं सारखंच. नाकाला झोंबणारं असेल तर झोंबतं तेवढं कळायचं. बाकी रंग, वजन, काचेवरून ओघळ कसा उतरतो यावर अंदाज. वीस वेळा बरोबर आला होता, एकविसाव्या वेळी काय होईल याची रोज सकाळी धास्ती.

"कुणाला बोलू नका, भाऊ," ते म्हणाले. "माझी कायमची ऑर्डर या नाकावर हाय."

मी त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. पण माझ्यातला शहाणा जागा झाला आणि मी एक युक्ती काढली. मामा वास ओढायचे तेव्हा मी शेजारी उभा राहायचो. स्पिरिट असेल तर मी एकदा खोकायचो, बेन्झिन असेल तर दोनदा, आणि मलाही ओळखू आलं नाही तर शिंकायचो. शिंक ऐकली की मामा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "ही वापरू नका. ओतून टाका." आम्हाला त्यात मजाही यायला लागली होती, हे लपवत नाही. मधल्या काळात एक सर मला म्हणाले, तुझी छाती तपासून घे.

ऑर्डर आली. मामांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, आता सांगून टाका. तर म्हणाले, आता सांगितलं तर फसवून कायम झाला म्हणतील, वर्ष जाऊ द्या. माझा प्रबंध लिहून होत आला होता आणि मलाही लचांड नको होतं. मी बरं म्हटलं.

प्रयोगशाळेच्या मागे एक लहान खोली होती. तिथे किपचं उपकरण असायचं. एकावर एक काचेचे तीन गोळे, आणि त्यांत तयार होणारा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू. तोटी जरा सैल राहिली तरी तो झिरपायचा. खोलीतला पंखा बंद पडून कैक महिने झाले होते, पण कुणी मनावर घेत नव्हतं. तो वास दारातच माणसाला मागे लोटायचा, मग भीती कसली? आणि मी, एवढा खोकणारा हुशार माणूस, बाटल्यांचा विचार करत बसलो. या खोलीचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

दोन दिवस जोडून सुट्टी आली. जाताना कुणाची तोटी सैल राहिली, ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. सुट्टीनंतरच्या सकाळी मी जिना चढत होतो तर अर्ध्यावरच वास आला. नेहमीचाच म्हणून नाकाला रुमाल लावून मी चार पायऱ्या चढलोही. मग आठवलं. मामा रोज माझ्याआधी येऊन सगळ्या खोल्या उघडायचे.

ते त्या मागच्या खोलीत खिडकीखाली पडले होते. हात वर करून रोजच्यासारखी खिडकी उघडायला गेले असणार. मी श्वास कोंडून त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. अंग गरम होतं, पण डॉक्टर आले तेव्हा करायला काही उरलं नव्हतं.

कॉलेजने चौकशी केली. सगळ्यांनी एकच सांगितलं: असलं नाक असलेला माणूस त्या वासात आत शिरणारच नाही, जिन्यावरूनच परत फिरला असता. म्हणजे आधी हृदय बंद पडलं असणार. मलाही विचारलं. खरं सांगितलं तर मामा लबाड ठरतील आणि त्यांच्या जागी मामींना नोकरी द्यायचं चाललं होतं ते बारगळेल, असं मी मनाला समजावलं. ते खरंही होतं. पण माझ्या खोकल्याबद्दलही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "हो, नाक फार तिखट होतं त्यांचं." त्यांनी ते लिहून घेतलं.

आठ-दहा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. वसाहतीतल्या विहारामागे त्यांची खोली होती. मामींनी माझ्यासाठी सतरंजी अंथरली.

"घरात स्टोचं घासलेट सांडलं तरी त्यांना कळायचं नाय," त्या म्हणाल्या. "लय दिवसांपासून. कालेजात कुणालाच ठाऊक नव्हतं का हे?"

"नाही, मामी," मी म्हटलं. "कुणालाच नव्हतं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मग ठीक हाय. ठाऊक असून कुणी त्यांना आत जाऊ दिलं असंल, या विचारानं मला झोप लागत नव्हती."

मग त्या उठल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला. मी तो सगळा प्यालो.